कडू अर्काची परीक्षा

पेणचें नांव निघालें कीं वाचकांस गणपतीच्या मूर्ति, पोहे आणि पापड आठवावे, व रोह्याचें नांव निघालें कीं कुंडलिकेचा कांठ आणि धावीर महाराजांची पालखी आठवावी, हें स्वाभाविकच आहे. या दोहोंमधील मुलूख मात्र लोक आगगाडीच्या खिडकींतून पाहतात आणि विसरतात. तो पाहावयाचा तर मार्गशीर्ष-पौषांत पाहावा. भात कापून झालेलें असतें, जमिनींत उरलेल्या ओलीवर वाल पसरलेला असतो, आणि बांधाबांधावर भांबुर्डा नांवाची उग्र वासाची रानवनस्पति माजलेली असते. वालाच्या शेंगा ओवा व जाडें मीठ लावून या पाल्यासह मडक्यांत दडपतात, मडकें उपडें ठेवतात आणि भोंवतीं जाळ करतात. पाण्याचा थेंब न घालतां शेंगा आपल्या व पाल्याच्या वाफेवर शिजतात. हीच येथील प्रसिद्ध पोपटी.

गेल्या पौषांत अशाच पोपटीच्या निमित्तानें आम्ही रोह्यास एका आप्तांकडे गेलों होतों. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत असतात. त्यांनीं येतांना एक विलक्षण बाटली आणली होती. ती होती हॉपच्या फुलांचा स्वाद दिलेली व्हिस्की. ‘काका, अमरकोशांतले मद्याचे पर्याय तुम्हीच आमच्याकडून पाठ करून घेतलेत, आतां याचा निकालहि तुम्हीच द्या,’ असा त्यांचा आग्रह पडला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें या राज्यांत मद्य प्यावयास आजहि परवाना लागतो. यजमान सरळ मार्गाचे असल्यामुळें त्यांनीं एक दिवसाचे परवाने आधींच आणून ठेवले होते. तेव्हां कायद्याची सबब उरली नाहीं, आणि आम्हीं औषधाचा एक चमचा मागून घेतला.

हॉप ही थंड प्रदेशांतील वेल आहे. ती भांगेच्याच कुळांतली. तिचीं शंकूसारखीं हिरवीं फुलें बिअरमध्यें कडूपणा व सुवास आणण्यासाठीं घालतात, आणि त्यांच्या योगानें ती टिकतेहि अधिक. बव्हेरियांत १५१६ सालीं झालेल्या नियमांत बिअरसाठीं जव, हॉप व पाणी एवढेच पदार्थ मान्य केले होते. व्हिस्कींत मात्र हॉप घालण्याची चाल नाहीं. कॅलिफोर्नियांतील चारबे नांवाच्या भट्टीनें १९९९ सालीं हॉप घातलेली तयार बिअरच ऊर्ध्वपातित करून हा नवा प्रकार काढला, तेव्हां जाणत्यांसहि त्याचें नवल वाटलें.

आमच्या मंडळींस यांत नवल वाटण्याचें तितकेंसें कारण नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें प्रकरण आहे. तेथें मैरेय सांगतांना मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी आणि मिरीं यांचा उल्लेख येतो. वनस्पतीनें मद्यास चव आणण्याची युक्ति अशी आपल्याकडेहि जुनी आहे. स्मृतिकारांनीं सुरापान महापातकांत घातलें हें खरें. परंतु ज्या घरांत तें पातक मानतात त्याच घरच्या फडताळांत दशमूलारिष्ट आणि कुमारी आसव असतात. सह्याद्रींतील धायटीचीं तांबडीं फुलें घालून ते आंबवितात, आणि त्यांत आपोआप थोडें मद्यार्क उत्पन्न होतें. कोरफडीचें कुमारी आसव ज्यानें तोंड वेडेंवांकडें करीत गिळलें आहे, त्यास कडू द्रवाची परीक्षा करण्याचा अधिकार आहे, असें म्हणावयास हरकत नसावी.

आतां निकाल. रंग जुन्या मधासारखा. वास फारच सुरेख: प्रथम ईडलिंबाच्या सालीचा, मग ओल्या गवताचा, आणि शेवटीं राळेचा. जिभेवर टेकतांच मात्र तीक्ष्ण दाह, त्यामागून किंचित गोडी. ज्या कडूपणाची आम्ही वाट पाहत होतों त्याचा नुसता भास झाला. शेजारींच पोपटीचें मडकें फुटलें. तिच्यांत भांबुर्ड्याचा दर्प आणि वालाची गोडी एकजीव झालेलीं होतीं. पाला फेंकून दिला तरी शेंगेंत त्याची आठवण होती. बाटलींत सुवास एकीकडे आणि अर्क दुसरीकडे, असे दोन पाहुणे न बोलतां बसले होते. म्हणून वासास पूर्ण गुण, चवीस निम्मे, असा आमचा निवाडा.

असें कां व्हावें, याचें कारण ऊर्ध्वपातनांतच आहे. हॉपचा सुवास त्यांतील उडून जाणाऱ्या तेलांत असतो. कडूपणा ज्या द्रव्यांत असतो तीं वाफेबरोबर वर चढत नाहींत. भट्टी पेटली कीं सुगंध व मद्यार्क वर जातात, नळींतून थंड होऊन पात्रांत उतरतात, आणि कडूपणा तळाच्या गाळांत राहतो. बाटलींत कडूपणा हवा असेल, तर तो मागाहून पुन्हां घालावा लागतो.

परततांना नागोठण्याच्या बाजूस रुळांपलीकडे वीटभट्ट्या दिसल्या, त्यांच्या कडेस कातकऱ्यांच्या झोंपड्या दिसल्या, आणि हा तळचा गाळ वेगळ्या रीतीनें ध्यानांत आला. या जिल्ह्यांतील उरणास एके काळीं मोहाची दारू गाळण्याच्या मोठ्या भट्ट्या होत्या. माल मुंबईस जाई. १८७८ च्या अबकारी कायद्यानें दारू गाळणें व विकणें सरकारी मक्त्याखालीं बांधलें गेलें, तेव्हां घरगुती मोहाची दारू चोरटी झाली आणि मक्तेदाराची कायदेशीर ठरली. कातकऱ्यांचा खैराचा कात गेला, रान गेलें. राहिली ती पावसाळ्यांत घेतलेली उचल आणि ती फेडण्यासाठीं सहकुटुंब भट्टीवर राबणें. दारूनें त्यांस दरिद्री केलें असें आम्ही म्हणत नाहीं, उचलीनें केलें. परंतु दारूनें त्यांस त्या दारिद्र्यांतून वर येऊं दिलें नाहीं, हेंहि तितकेंच खरें. गरिबाच्या पेल्यांत काय असतें याची परीक्षा कोणी चमच्यानें करीत नाहीं. २०१५ सालीं मालवणीस विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें गेलीं, तेव्हां ती झाली.

विनोबांचें जन्मगांव गागोदें याच पेण तालुक्यांत आहे. गांधींच्या आश्रमांतील अकरा व्रतांत अस्वाद हें एक व्रत होतें, आणि तें विनोबांनीं आचरलें. अस्वाद म्हणजे चव न कळणें नव्हे. चवीच्या अधीन न होणें. चव कळावी, तिचा गुणदोष सांगतां यावा, परदेशच्या बाटलीसहि न्याय द्यावा, यांत आम्हांस अनुचित कांहीं दिसत नाहीं. सुशिक्षितांच्या बैठकींत कडू फुलांच्या सुवासाची चर्चा होते आणि रुळांपलीकडच्या पेल्यास नुसतें व्यसन म्हणून नांवें ठेविलीं जातात, तेथें मात्र परीक्षकानें आपली जीभ तपासून पाहावी. वर चढलेल्या अर्काचें मोल करणारानें भांड्याच्या तळाशीं काय उरलें, हेंहि एकदां वांकून पाहिलें पाहिजे.