याकुशिमा : हवेचा हिशेब ठेवणारं बेट

जपान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चेरीची फुलं नि किमोनो येतात. पण त्या देशाच्या दक्षिणेला याकुशिमा नावाचं बेट आहे. तिथे बघायची ती जुनी खोडं! कागोशिमा बंदरातून जलद बोटीने निघालात की दोन-तीन तासांत पोचाल. पावसाची तयारी मात्र हवीच. किनाऱ्यावरच वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, डोंगरात त्याच्या दुप्पट!

इथल्या जपानी देवदाराला 'सुगी' म्हणतात. वयाची हजार वर्षं ओलांडली, तरच त्याला 'याकुसुगी' हा मान. सर्वांत थोर 'जोमोन सुगी'. त्याचा घेर १६.४ मीटर. जाऊन यायला दहा तासांची पायपीट आहे, तीही बरीचशी लाकूड वाहायच्या जुन्या रुळांवरून. तेव्हा चांगले बूट घाला नि पहाटेच निघा.

वाटेत मोठमोठे बुंधे दिसतील. एदो काळात इथले लोक तांदळाऐवजी या झाडांच्या छपरी फळ्या सारा म्हणून भरत. सरळ लाकूड गेलं, वाकडंतिकडं तिथेच पडून राहिलं. या खडकाळ जमिनीत सुगी सावकाश वाढते, लाकडात राळ भरपूर, म्हणून ते शेकडो वर्षं कुजत नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्या ओंडक्यांचं काय कौतुक? अहो, दर वर्षाच्या वलयात त्या वर्षीची हवा साठलेली असते! कार्बन हलका असतो, तसा जडही. झाडाला हलका आवडतो. मुलं नाही का, चिवड्यातले शेंगदाणे आधी वेचतात? डबा सारखा भरत राहिला, तर नुसते दाणेच खातील. भरला नाही, की मुकाट्याने पोहेही संपवतील. तसंच हे. ऊन-कोरड वाढली, की पानं आपल्या बारीक खिडक्या मिटून घेतात, आणि मग जड कार्बनही वापरावा लागतो. कितागावा आणि मात्सुमोतो या शास्त्रज्ञांनी १९९५ साली याकुशिमाच्या सुगीतून असा सुमारे २००० वर्षांचा हिशेब मांडला. साधारण इ.स. ८०० ते १२०० उबदार, तर सतरावं शतक गारठ्याचं!

आणि फुसा मियाके ही तेव्हा नागोया विद्यापीठातली डॉक्टरेटची विद्यार्थिनी होती. तिला इथल्याच दोन सुगींच्या वलयांत इ.स. ७७४-७७५ साली किरणोत्सारी कार्बन एकदम १.२ टक्क्यांनी वाढलेला आढळला. तिचा शोध २०१२ साली प्रसिद्ध झाला. सूर्यावरच्या प्रचंड वादळाची ती खूण असावी, असं आज मानतात. अशा घटनांना आता 'मियाके घटना' असंच नाव पडलं आहे. आहे की नाही अभिमानाची गोष्ट?

हवा किती बदलली, हे मागची वही असल्याशिवाय कळायचं कसं? आणि ही वही पुन्हा लिहायला आणखी २००० वर्षं लागतील. १९९३ पासून या बेटाचा काही भाग जागतिक वारसा आहे. तेव्हा गेलात, तर आठवण म्हणून एवढासा ढलपाही उचलू नका हं! कुणी सांगावं, त्यातच एखाद्या दुष्काळाची नोंद असायची.