लुकलुकणारी भुते

चित्रकाराला कागद केवढा मिळाला, यावर चित्राची थोरवी ठरत नाही. टपालाच्या इवल्याशा तिकिटावरही सुरेख चित्र उमटते आणि भिंतभर रंग फासूनही एखादे चित्र निर्जीव राहते. मात्र लहान कागदावर काय ठेवावे आणि काय गाळावे, याचा विवेक चित्रकारापाशी असावा लागतो. हा विवेक सुटला म्हणजे पाहणाऱ्याची निराशा होते. व्हिडिओ गेमच्या इतिहासात याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे.

१९८० साली जपानमधील नामको या कंपनीत तोरु इवातानी आणि त्यांचे सहकारी यांनी ‘पॅक-मॅन’ हा खेळ तयार केला. काळ्याभोर पडद्यावर निळ्या भिंतींचा चक्रव्यूह, त्याच्या वाटांवर ओळीने मांडलेले ठिपके आणि ते ठिपके गट्ट करीत धावणारा एक पिवळा, गोल, मोठ्या तोंडाचा जीव! तोंडाच्या उघडमिटीला जपानी भाषेत ‘पाकु-पाकु’ म्हणतात. त्यावरून त्याचे नाव पडले. त्याच्या पाठीस चार भुते लागलेली असत: एक तांबडे, एक गुलाबी, एक आकाशी व एक नारिंगी. हा खेळ नाणे टाकून चालणाऱ्या, कपाटाएवढ्या यंत्रावर खेळत असत. अमेरिकेत तर त्याने लहानथोरांना अक्षरशः वेड लावले.

त्या काळी अमेरिकेतील अनेक घरांत अटारी कंपनीचे खेळयंत्र होते. १९७७ साली बाजारात आलेले हे यंत्र दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे, त्यात खेळाची कार्ट्रिज खोचावयाची आणि घरबसल्या खेळावयाचे. १९८२ च्या मार्चमध्ये या यंत्रासाठी ‘पॅक-मॅन’ आला, तेव्हा मुलांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. सत्तर लाखांहून अधिक कार्ट्रिजेस विकल्या गेल्या. परंतु पडदा उजळला आणि कित्येकांचे चेहरे उतरले. काळी पार्श्वभूमी जाऊन तेथे निळा रंग आला होता. चक्रव्यूहाची घडण पार बदलली होती. नाजूक ठिपक्यांच्या जागी आखूड, जाड रेघा होत्या. सर्वांत वाईट म्हणजे भुतांचे निरनिराळे रंग नाहीसे झाले होते आणि ती विझू पाहणाऱ्या दिव्यासारखी एकसारखी लुकलुकत होती.

असे का व्हावे? याचे उत्तर त्या यंत्राच्या रचनेत आहे. खेळ चालू असताना टिपणे ठेवण्यासाठी त्यात अवघी १२८ बाइट स्मृती होती. इंग्रजीतील एक अक्षर साठवण्यास एक बाइट लागते, हे ध्यानात घेतले तर त्या स्मृतीत मजकुराच्या जेमतेम दोन ओळी मावल्या असत्या. संपूर्ण चित्र साठवून ठेवण्याची सोयच नव्हती. पडद्यावरील प्रत्येक आडवी रेघ उमटण्याच्या सुमारास ती कशी असावी, हे यंत्राला सांगावे लागे. आणि हे सारे सेकंदाला साठ वेळा! शिवाय हे यंत्र मुळात दोघांनी समोरासमोर खेळावयाच्या साध्या खेळांसाठी योजलेले होते. त्यामुळे हलत्या आकृतींसाठी त्यात दोनच साधने होती. ‘पॅक-मॅन’मध्ये तर आकृती पाच. दोन बाहुल्या हाती देऊन कळसूत्रीवाल्याला पाच पात्रांचे नाटक करावयास सांगावे, तसा हा प्रकार होता.

हे अवघड काम टॉड फ्राय या तरुणाकडे होते. त्याने एक युक्ती काढली. एक साधन पॅक-मॅनला दिले आणि दुसरे चारही भुतांमध्ये पाळीपाळीने वाटले. म्हणजे सेकंदाच्या साठ चित्रांपैकी प्रत्येक भूत पंधरा चित्रांतच दिसे. पेटती उदबत्ती अंधारात वेगाने फिरवली, तर डोळ्यांना अखंड वर्तुळ दिसते. पण हात मंदावला की ते वर्तुळ तुटते. येथेही तेच घडले. पंधरांचा वेग अपुरा पडला आणि भुते लुकलुकू लागली. युक्ती चतुर होती, यात शंका नाही. परंतु परिणाम मात्र डोळ्यांना सुखावणारा नव्हता.

मग दोष सगळा यंत्राचाच होता काय? तसे म्हणता येत नाही. १९८३ साली त्याच यंत्रासाठी ‘मिस पॅक-मॅन’ हा त्याच धर्तीचा खेळ आला. पहिल्या खेळाची कार्ट्रिज चार किलोबाइटांची होती, याची आठ किलोबाइटांची. यंत्र तेच, साधने दोनच; तरीही भुते पुष्कळ स्थिर दिसत आणि प्रत्येकाचा रंगही निराळा असे. दोन भुते पडद्यावर वरखाली असतील तर एकच साधन दोघांसाठी वापरता येते. ती एकाच आडव्या पट्ट्यात येतील तेव्हाच पाळीपाळीने दाखवावी लागतात, हे मर्म या वेळी नीट साधले होते.

रंगांचा हा भेद केवळ शोभेसाठी नव्हता. मूळ खेळात प्रत्येक भुताचा स्वभाव वेगळा होता. तांबडे भूत थेट पाठलाग करी. गुलाबी भूत पुढे जाऊन वाट अडवू पाही. नारिंगी भूत जवळ आले की माघार घेई. रंगावरून शत्रू ओळखावा आणि आपली चाल ठरवावी, ही त्या खेळातील खरी मौज. रंग गेला तेव्हा ही ओळखही पुसली गेली. भिंती ओबडधोबड असत्या तरी मुलांनी ते चालवून घेतले असते. पण खेळाचा प्राणच हरवल्यावर ती हिरमुसली, यात नवल ते काय?

आज परिस्थिती पार बदलली आहे. २०२० साली आलेल्या ‘प्लेस्टेशन ५’ या यंत्राची स्मृती अटारीच्या त्या यंत्राच्या तेरा कोटींहून अधिक पट आहे. तथापि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ‘सायबरपंक २०७७’ हा प्रौढांसाठीचा एक भव्य खेळ त्याआधीच्या ‘प्लेस्टेशन ४’ या यंत्रावर इतका अडखळत चालला, चित्रे इतकी अस्पष्ट दिसली, की सोनी कंपनीने तो काही महिने आपल्या दुकानातून काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. स्मृती वाढली, तशी आश्वासनेही वाढली. आणि यंत्राला पेलेल त्याहून अधिक भार त्याच्यावर टाकला गेला.

निराश झालेल्या मुलाने दोषाला दोष म्हणावे. त्याचा तो हक्कच आहे. पण तेवढ्यावर न थांबता, हे असे का झाले, असा प्रश्नही त्याने विचारावा. लुकलुकणाऱ्या भुतांमागे एका माणसाची धडपड होती आणि ती भुते स्थिर करणाऱ्यांनीही त्याच दोन साधनांवर आपले काम भागवले होते. असे विचारणाऱ्या मुलाच्या हाती उद्या एखाद्या खेळाची रचना आली, तर त्यात काय गाळले तरी चालेल आणि काय प्राणपणाने राखले पाहिजे, हे त्याला आधीच ठाऊक असेल.