एका डोळ्यापुरती दुर्बीण

माझा डावा डोळा लहानपणापासून अधू आहे. डॉक्टर त्याला आळशी डोळा म्हणतात. त्या डोळ्याकडून येणारं धूसर चित्र मेंदू बालपणीच बाजूला सारतो आणि मोठेपणी चष्म्याचा नंबर कितीही बदलला तरी ती नजर पुरती येत नाही. वेळेवर कळलं तर उपचार आहेत. घरात लहान मूल असेल तर त्याचे डोळे लवकर तपासून घ्यावेत, एवढं इथेच सांगून टाकतो.

मित्रांच्या गळ्यातल्या दुर्बिणी मला कधीच आपल्या वाटल्या नाहीत. त्यातली एक नळी माझ्यासाठी नुसतं ओझं. वडिलांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून ओढून लांब करायची एक पितळी दुर्बीण आणली, तेव्हा पहिल्यांदा माझ्या मापाची वस्तू हाती आली. तिच्यातून प्रत्येक फांदीच्या कडेला रंगीत झालर दिसायची. पण दारच्या पिंपळावर जो नुसता ‘टुक् टुक्’ ऐकू यायचा, तो तांबट कपाळावरच्या लाल टिळ्यासकट दिसला तो तिच्यातूनच. मी पक्ष्यांचा झालो तो त्या दिवशी.

नोकरी लागल्यावर खिशात मावणारी मोनोक्युलर घेतली. तिच्यावर ८×२५ असं कोरलेलं होतं. पहिला आकडा पटींचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाची रुंदी मिळते. इथे ती ३ मिलिमीटरच्या किंचित वर. भर उन्हात आपली बाहुलीच दोन-तीन मिलिमीटर उघडी असते, त्यामुळे दिवसा तेवढं पुरतं. भिगवणला, उजनीच्या पाण्यावर, डुलत्या नावेतून मी रोहित पक्ष्यांचे थवे तिच्यातून मनसोक्त पाहिले. बारा पटींची दुर्बीण आणलेल्या सोबत्याला मात्र चित्र स्थिर धरता येईना. पक्षी मोठा होतो तसा हाताचा कंपही मोठा होतो. म्हणून हातात धरायच्या दुर्बिणीला आठ पटी पुष्कळ झाल्या, असं माझं ठाम मत आहे. स्वस्त मोनोक्युलरवर ४०×६० छापलेलं असतं. तो आकडा खरा मानला तरी प्रकाशाचं वर्तुळ उरतं दीड मिलिमीटरचं, म्हणजे थरथरता काळोख.

अंजनेरीच्या कड्यावर संध्याकाळी गिधाडं मुक्कामाला येतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे हे पक्षी देशभरातून संपत आले. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. उरलेल्यांपैकी एखादं कपारीत उतरताना दिसणं ही माझ्या लेखी मोठी गोष्ट. नेमक्या त्या वेळी माझी छोटी दुर्बीण अंधारायची. मग ८×४२ घेतली. सव्वापाच मिलिमीटरचं वर्तुळ, आणि करड्या उजेडातही पिसं वेगळी दिसू लागली. वजन वाढलं, त्याचं काही वाटलं नाही.

साठीनंतर गणित पुन्हा बदललं. वयाबरोबर बाहुली अंधारात पूर्वीइतकी उघडत नाही. मोठ्या भिंगानं आणलेला प्रकाश डोळ्याबाहेरच राहतो. आता माझ्याकडे ८×३२ आहे. चार मिलिमीटर मला पुरतात आणि मनगट दुखत नाही.

पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणाऱ्यानं आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीणच घ्यावी, नाहीतर आतून वाफ धरते. घरी आल्यावर ती चामड्याच्या पिशवीत कोंडू नये. भिंगाला बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. फुलपाखरांची आवड असेल तर दोन मीटरवरचं स्पष्ट दिसतं का, हेही बघावं.

चष्मा असेल तर तो घालूनच दुकानात जा. भिंगापासून डोळा १५ मिलिमीटर मागे ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसलं पाहिजे. मग दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे करा आणि डोळ्याकडच्या भिंगात दिसणारा उजेडाचा ठिपका बघा. तो पुरता गोल हवा, कडा करड्या, कापल्यासारख्या नकोत. शेवटी बाहेर येऊन सावलीतल्या एखाद्या झाडात बघा. बाहेर नेऊ देत नसतील तर दुसरं दुकान गाठा.