मांड्यांचे खापर

हिंगोली,
आश्विन वद्य पंचमी

चिरंजीव भाचीस,


तुझ्या कादंबरीचे बाड दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोचले. दुसऱ्या दिवशी सारे गाव रावण जळताना पाहण्यासाठी रामलीला मैदानाकडे लोटले असता मी मात्र माडीवर तुझ्या अग्निकुलातील सोळा वर्षांच्या नायिकेबरोबर राजधानीच्या तटाखाली उभा होतो. वाचकाला पान उलटायला लावण्याची हातोटी तुझ्यापाशी आहे, हे प्रथमच कबूल करतो. चार महाभूतांची चार कुले, त्यांची विद्या बंद करणारे बादशाही फर्मान, तळहातातून ज्वाळा निघू लागलेली अनाथ मुलगी, आणि शेवटच्या प्रकरणात भस्मसात होणारा राजवाडा, एवढा ऐवज कोणत्याही तरुण वाचकाला रात्रभर जागवील. ही मांडणी जगात पुष्कळ ठिकाणी होऊन गेली आहे, अमेरिकन दूरदर्शनवरच्या २००५च्या 'अवतार' मालिकेने तर ती घरोघर नेली, म्हणून तुला दोष देत नाही. अद्भुताची उसनवारी मराठीला नवी नाही, १८६१ची 'मुक्तामाला' आणि १८६८ची 'मंजुघोषा' या आपल्या आरंभीच्या कादंबऱ्याही अद्भुतरम्यच होत्या. माझी तक्रार निराळी आहे. तुझ्या नायिकेला अग्नी मिळतो कशासाठी, हे बाड दोनदा वाचूनही मला उमगले नाही.

आता जी कथा तू लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलीस, तीच मी पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस. चार भावंडे होती. परंपरेने दिलेले जन्मसन धरले तर १२७३, १२७५, १२७७ आणि १२७९. म्हणजे थोरल्यात आणि धाकटीत अवघ्या सहा वर्षांचे अंतर. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेले, संन्याशाची पोरे म्हणून गावाने वाळीत टाकलेली, आणि त्यांतील दुसऱ्याने, ज्ञानदेवाने, पंधराव्या वर्षाच्या सुमारास गीतेवर टीका सांगितलेली. तुझ्या प्रकाशकाला तरुणांसाठी हवी असलेली सामग्री यात कुठे उणी आहे? एके दिवशी थोरल्याला मांडे खावेसे वाटले. मांडे भाजायला पालथे खापर लागते, म्हणून धाकटी मुक्ता कुंभाराकडे गेली. परंतु विसोबा चाटी नावाच्या गृहस्थाने या पोरांना भांडे द्यायचे नाही अशी तंबी कुंभाराला देऊन ठेवलेली, तेव्हा ती रिकाम्या हाताने आणि भरल्या डोळ्यांनी परतली. ज्ञानदेवाने योगबळाने जठराग्नी चेतवला, त्याची पाठ तव्यासारखी लाल झाली, आणि त्या पाठीवर बहिणीने मांडे भाजले.

हे चित्र पुन्हा नीट पाहा. ज्या मुलाच्या अंगी हा अग्नी होता, त्याच्या मनात येते तर विसोबाचे घर जळून गेले असते; तुझ्या कादंबरीत ते पहिल्या पन्नास पानांतच जळाले असते. इथे अग्नी प्रकटतो तो एका खापराच्या जागी. जेवढे नाकारले गेले तेवढेच तो भरून काढतो, आणि त्याची धग सोसायची ती स्वतःच्या पाठीने. आपल्याकडचा चमत्कार बहुधा अशा नकाराच्या जागीच उगवतो, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. याच मुलांना वेद म्हणण्याचा अधिकार नाकारला, तेव्हा रेडा बोलला.

पुढचा भाग आपल्या मुलखाचा, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. विसोबा हा सारा प्रकार चोरून पाहत होता; तो खजील होऊन आला, आणि मुलांनी टाकलेले उष्टे त्याने तोंडात घातले. 'खेचरा, परता सर' असे ज्ञानदेवाने त्याला म्हटल्याचे सांगतात, आणि ते अपमानाचे नाव त्याने जन्मभर भूषणासारखे मिरवले. खेचर म्हणजे आकाशात संचार करणारा असाही अर्थ लावतात. पाचवे महाभूत या गृहस्थाच्या वाट्याला असे शिवीतून आले! पुढे गोरोबा कुंभारांनी थापटण्याने संतमंडळींची डोकी ठोकून पाहिली, त्यात नरसीच्या नामदेवाचे मडके कच्चे निघाले, आणि तो रुसून पंढरीला गेला. तेव्हा देवाने त्याला पाठवले ते औंढ्याला, याच विसोबाकडे. म्हणजे एके काळी मडके देऊ नका म्हणणाराच कच्चे मडके भाजणारा गुरू झाला. तुझा खलपुरुष शेवटी राखेत मिळतो. त्याला एखादा उष्टा घास खायला दिला असतास, तर दुसऱ्या भागासाठी नायिकेला गुरू शोधावा लागला नसता.

औंढ्याच्या नागनाथापुढे नामदेव कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्याला हटकून देवळामागे घालवले, आणि देऊळच त्याच्याकडे वळले, ही कथा इतकी दूर गेली की शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांच्या एकसष्ट पदांत तीही नांदते. देवळाच्या मागच्या अंगाला असलेला नंदी लोक याचा पुरावा म्हणून दाखवतात. मी भूगोलाचा मास्तर, पुराव्याचा हा तपशील मला पटवून घेता येत नाही. पण एक गोष्ट मला नेहमी विस्मित करते, की एवढे हेमाडपंती दगड फिरले आणि त्यांखाली एकही पुजारी चिरडला गेला नाही. बंड झाले, सत्ता उलटली, आणि बदलली ती केवळ दिशा.

तू म्हणशील, मामा, ही क्षमेची गोष्ट वाळीत टाकणाऱ्यांना सोयीची आहे. तुझे म्हणणे मी डावलत नाही, कारण मंगळवेढ्याची भिंत मला आठवते. गावकुसाच्या कामावर राबत असता ती कोसळली, आणि अस्पृश्य ठरवलेले संत चोखोबा तिच्याखाली गेले. ज्या पृथ्वीतत्त्वाने नामदेवासारख्या शिंप्यासाठी देऊळ फिरवले आणि ज्ञानदेवांसाठी भिंत चालवली, ते चोखोबांसाठी हलले नाही. नामदेव तिथे गेले, ढिगाऱ्यातील ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती त्यांनी उचलली आणि पंढरीला महाद्वारासमोर पुरली. महाद्वारासमोर, म्हणजे देवळाच्या बाहेरच. तुझ्या चार कुलांत विद्या सर्वांना सारखी वाटलेली आहे. ती कोणासाठी मुकी राहते, हे प्रकरण तुझ्या बाडात नाही, आणि माझ्या मते खरे बंड तिथूनच सुरू व्हायला हवे.

बंडाविषयीही दोन शब्द. १५ ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला, पण आपला हा मुलूख, तेव्हाचा परभणी जिल्हा, निजामाच्या अमलाखालीच राहिला तो १७ सप्टेंबर १९४८पर्यंत. वापटीचे बहिर्जी शिंदे त्या लढ्यात हुतात्मा झाले. वसमतचे महाविद्यालय त्यांच्या नावाने उभे आहे. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, अलीकडे निजामी राज्य, आणि मध्ये करोडगिरीची नाकी, अशा त्या सरहद्दीवर कोणाच्याही तळहातातून ज्वाळा निघत नव्हत्या. रात्री पाणी ओलांडायचे तर उतार ठाऊक असावा लागे. भाकरी कोणी पोचवायची, कंदील कोणी विझवायचा, दारावरची थाप कोणती ओळखायची, यावर माणसे जगत किंवा मरत. तुझ्या तीनशे पानांच्या बंडात कोणी एकदाही स्वयंपाक केलेला नाही. सैन्य खाते काय?

आणि तुझ्या अग्नीला वास नाही. फाल्गुनात ये, वसमतकडे हळद शिजवण्याच्या भट्ट्या लागतात, वाफेने डोळे चुरचुरतात, आणि शिजवणाऱ्याच्या नखांतला पिवळा रंग किती तरी दिवस जात नाही. तापलेल्या कढईजवळ उभे राहिल्यावर माणूस सम्राटाविषयी विचार करीत नाही, हात किती लांब धरावा याचा करतो.

बाड टपालाने परत पाठवीत आहे. समासात पेन्सिलीने लिहिले आहे, न पटेल ते खोडून टाक. सातवे प्रकरण मात्र ठेवून घेतले आहे. त्यात नायिकेची धाकटी बहीण शेजाऱ्याकडे विस्तव मागायला जाते आणि दार उघडत नाही, एवढाच प्रसंग आहे, आणि तू तो दीड पानात उरकला आहेस. तो पुन्हा लिहून आण. मग आपण औंढ्याला जाऊ, आणि नंदी कोणत्या बाजूला आहे ते तू आपल्या डोळ्यांनी पाहा.

तुझा,
मामा