लेण्यातलं व्याज

नाशिककराला सहलीसाठी रजा काढावी लागत नाही. पावसाळ्यात सोमेश्वरचा धबधबा, श्रावणात त्र्यंबक, थंडीत नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी. सकाळी निघावं, दिवेलागणीला घरी. आमच्या घरी या सगळ्यांच्या आधी पांडवलेणी. वडील पतसंस्थेत हिशेब लिहायचे. रविवारी आम्हाला घेऊन ते त्रिरश्मी डोंगर चढत. आईच्या पिशवीत पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी.

लहानपणी २४ लेण्यांतून पळत सुटायचं आणि आवाज कुठे घुमतो ते पाहायचं, एवढंच ठाऊक. शाळेत व्याजाची गणितं सुरू झाली, तेव्हा वडिलांनी मला दहाव्या लेण्यातल्या शिलालेखासमोर उभं केलं. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवले. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा एक व्याज. ‘‘कर हिशेब,’’ वडील म्हणाले. महिन्याचे २०, वर्षाचे २४०. लेण्यात वर्षावासाला राहणारे भिक्खू २०, म्हणजे चीवरासाठी प्रत्येकी १२. शिलालेखातही १२च आहेत. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजावर भागवायचं, हेही तिथेच कोरलेलं. त्या दिवशी इतिहास माझ्यासाठी राजांच्या लढायांपलीकडे गेला. त्यात ठेवी होत्या, अंगावरचं वस्त्र होतं, दिलेला शब्द होता.

गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धन नावाचं गाव लागतं. लहानपणी तिथून कितीदा गेलो असू. पुढे कधीतरी स्वतः गाडी चालवत जाताना गावाची पाटी वाचली आणि डोंगरावरचा तो लेख गोदाकाठच्या या गावाशी जुळला. दोन वेगवेगळ्या सहलींची एकच सहल झाली.

वडील गेल्यानंतर आई एकदा म्हणाली, लेण्यांवर जाऊ. या वेळी आम्ही तिसऱ्या लेण्यात बराच वेळ बसलो. हे लेणं गौतमी बलश्रीने दान दिलं, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी तेव्हा हयात नव्हता. त्याने नहपानाचं क्षहरात कुळ उखडलं, हा पराक्रम तिने कोरून घेतला. आणि तो आईची सेवा करणारा होता, हेही. मी तिला वाचून दाखवत होते. आई म्हणाली, ‘‘बाईने सगळं नीट लिहून ठेवलं.’’ शाळकरी वयात हा लेख मला राजाचा वाटला होता. त्या दिवशी तो आईचा वाटला.

आता माझी मुलगी प्रश्न विचारते. ठेव ज्यांच्याकडे ठेवली ते विणकर कोण होते? त्यांची नावं शिलालेखात नाहीत. मग आम्ही तिला येवल्याला नेलं. मागावर पैठणीचा पदर भरणाऱ्या कारागिराचे हात ती बराच वेळ पाहत राहिली. ते विणकर आणि हे विणकर यांच्यात थेट नातं सांगता येणार नाही, पण कापडामागे माणसं असतात हे तिला कळलं.

दूरचा प्रवास बहुधा एकदाच घडतो आणि त्या वयाला जे दिसेल तेवढंच हाती लागतं. जवळची जागा मात्र आपल्या प्रत्येक वयाला नवं काही देत राहते. म्हणून मुलांना एकाच लेण्यात, एकाच घाटावर पुन्हा पुन्हा न्यावं. पहिल्या वेळी ती नुसती धावतील. धावू द्यावं. त्यांना काय विचारायचं आहे, ते पुढच्या खेपांना त्यांचं त्यांनाच सापडेल.