फांदी, डहाळी आणि काटकी

आमच्या कथालेखकांच्या रानात हल्ली एकच फांदी उगवते. पक्षी बसतो तो फांदीवर, म्हातारी चुलीत घालते ती फांदी, गुढीला बांधतात तीही फांदीच. शब्द चुकीचा आहे असे नव्हे. परंतु ज्या भाषेने या एका वस्तूस पाला, काटा, वय आणि उपयोग पाहून निरनिराळी नावे दिली, तिच्यात लिहिणाऱ्याने इतक्या थोडक्यात भागवावे याचे नवल वाटते.

माझा या शब्दांशी परिचय झाला तो शिरूर-दौंडकडे. एक गाव घोडनदीच्या काठी, दुसरे भीमेच्या. सह्याद्रीवरचा पाऊस तेथवर येईतो थकलेला असतो. म्हणून कालव्याचे पाणी व ऊस येण्यापूर्वी तिकडे डोळ्यांत भरे ती बाभूळ. तिची काट्यांसकट तोडलेली फांदी कुंपणाच्या खिंडारात ओढून लावितात, ती शिरी. धनगर आकडीने खाली ओढून शेळ्यांपुढे टाकितो, तो डहाळा. झाड तेच, पण शेतकऱ्यास काटा हवा, शेळीस पाला. पाला संपला, ऊन लागले, की उरते ते सरपण. पळसाची वाळकी काडी होमात पडली तर समिधा. चुलीत पडली तर तिला कोणी समिधा म्हणणार नाही.

आमच्या एका आत्याबाईंस मी मासिकातील एक गोष्ट वाचून दाखवीत होतो. तीत एक निराधार विधवा रानात फांद्या वेचीत होती. आत्याबाईंनी मला थांबविले. "अरे, फांद्या कुणी वेचतं का? फांदी तोडतात. वेचायच्या त्या काटक्या." मग क्षणभराने म्हणाल्या, "फांदी तोडायला कुऱ्हाड लागते, अन् झाडाचा धनी ओरडतो. हिला कोण ओरडलं?"

या प्रश्नास त्या गोष्टीत उत्तर नव्हते. फांदीला मालक असतो. गळून पडलेल्या काटकीला सहसा नसतो, आणि म्हणूनच ती गरिबाची. लेखकाने एका शब्दासरशी त्या बाईच्या हाती कुऱ्हाड दिली आणि तिचे दारिद्र्य काढून घेतले. पुढची तीन पाने त्याने तिच्या दुःखावर खर्च केली होती, ती मला वाचवेनात.

काटकीहून बारीक ती काडी. बुडत्यास आधार तिचाच, आणि पंचांसमोर ती मोडली की नवराबायकोचे नाते सुटे. काडीमोड हा शब्द त्यातूनच आला. शाखा मात्र संस्कृताच्या मोठेपणामुळे वेदांना आणि पेढ्यांना मिळाली. दौंडाहून मनमाडकडे 1878 साली निघालेल्या लोहमार्गास आपण शाखा म्हणू, पण शिरूरहून चौफुल्याकडे जाणारा रस्ता सुटतो तो न्हावरा फाटा. फाटा म्हणजेही फांदीच. ती रस्त्याला फुटली एवढेच.

कवींची तऱ्हा उलटी. त्यांना डहाळी फार प्रिय. झोकाही ते डहाळीलाच बांधितात, मग नायिकेची हाडे राहोत वा मोडोत! डहाळीची खरी पारख सुगरण पक्ष्यास आहे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या अगदी टोकाची, वाऱ्याने हलणारी डहाळी तो निवडतो, कारण तीवर सापाचे वजन पेलत नाही.

मोल्सवर्थच्या 1831 च्या कोशापासून दाते-कर्व्यांच्या 1932 ते 1938 या काळात निघालेल्या शब्दकोशापर्यंत असले शब्द साठविण्याचे कष्ट पुष्कळ झाले. पण कोणता शब्द वेचायचा आणि कोणता तोडायचा, हे कोशात शोधून मिळत नाही. ते हातास ठाऊक असते. आता शेतांना तारा आल्या, चुलीच्या जागी गॅस आला, आणि त्या बाजूच्या शाळकरी मुलांनाही शिरी म्हणजे काय ते सांगावे लागते. तरी न्हावऱ्याच्या वाटेवर तारेच्या कुंपणातील मोकळ्या जागेत अजून एखादी बाभळीची शिरी आडवी टाकलेली दिसते. तिला कुलूप लागत नाही.