शिडाच्या होडीतून मालवणचा समुद्र

आमचे गाव वडगाव निंबाळकर, तालुका बारामती. पाणी म्हणजे आम्हाला ठाऊक नीरेच्या डाव्या कालव्याचे, तेही पाळीचे. त्यामुळे डिसेंबरच्या सुट्टीत नीरा, सातारा, कोल्हापूर अशा गाड्या बदलत आम्ही मालवणला पोचलो, तेव्हा समुद्र पाहून आई बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "एवढं पाणी, अन् घोटभर पिता येत नाही!"

दुसऱ्या दिवशी पहाटे एका वृद्ध गाबीत तांडेलाने आम्हाला आपल्या होडीत घेतले. होडी उलटू नये म्हणून तिच्या एका अंगाला लाकडाची उलांडी बांधलेली असते. आता बहुतेक होड्यांना यंत्र आहे. पण काकांनी शीड जपून ठेवले आहे. वारा फुकट असताना डिझेल का जाळायचे, हा त्यांचा हिशेब. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शाळेत पाठ केलेले मतलई वारे ते हेच! शीड फुगले आणि होडी आवाज न करता निघाली. डावी-उजवीकडे काळे खडक, लहान बेटे आणि समोर सिंधुदुर्ग.

खडकांजवळ आदल्या संध्याकाळी टाकलेले जाळे काकांनी ओढले. त्यात तीन शेवंडी निघाल्या. लांबलचक मिशा, काटेरी पाठ. खेकड्यासारख्या नांग्या मात्र नाहीत. शेवंड दिवसा कपारीत लपते आणि रात्री चरायला बाहेर पडते. माशांपेक्षा तिला भाव कितीतरी जास्त. तरीही सर्वांत मोठी शेवंड काकांनी उलटी करून पाहिली आणि हलकेच पाण्यात सोडली.

मुले ओरडली, "काका, सुटली!"

"सुटूक नाय, सोडलंय. पोटाक अंडी आसत तिच्या."

शेपटीखाली ती हजारो, कधी लाखो अंडी बाळगते. पिल्ले कित्येक महिने लाटांवर तरंगतात; त्यांतली फार थोडी जगतात. ट्रॉलरच्या जाळ्यांनी लहान-मोठे सारेच खरवडून नेल्यामुळे शेवंड कमी झाली आहे. काकांच्या एकट्याच्या सोडण्याने काय होणार, असे आम्ही विचारणार होतो. तेवढ्यात आई म्हणाली, "बियाणं खाल्लं तर पेरायचं काय?" काका हसले. कोरडवाहू आणि खारे पाणी, दोघांची भाषा जुळली.

मग किल्ल्यावर उतरलो. 1664 साली शिवरायांनी कुरटे बेटावर याचे काम सुरू केले. चहूकडे खारट समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! आईने ओंजळभर पाणी पिऊन पाहिले. तिचा कालचा प्रश्न मिटला.

दुपारी खाऱ्या वाऱ्यांनी होडी किनाऱ्याला आणली. काकांच्या टोपलीत दोनच शेवंडी होत्या. तिसरीचे मोल आम्ही गावी घेऊन आलो.